कुलूप तोडणाऱ्याच्या हाती घराची किल्ली

२०२० सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी साडेसातला विट्याहून भाच्याचा फोन आला. एरवी नऊच्या आत अंथरूण न सोडणारा मुलगा इतक्या सकाळी फोन करतो, म्हणजे काही तरी बिघडले आहे हे फोन उचलायच्या आधीच कळले.

"मामा, कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायलींच्या नावापुढं चार इंग्रजी अक्षरं लागलीत. एक पण फाईल उघडत नाही. बाबांना अजून सांगितलं नाही," तो म्हणाला. आवाज रडवेला होता.

भावोजींचा विट्याला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले, सहकारी सोसायट्यांचे अहवाल अशी कामे. एकेकाळी खिळे जुळवून ट्रेडल मशीनवर छापायचे, पुढे संगणक आला. त्या संगणकात वीस वर्षांच्या कामाच्या फायली होत्या. गावातल्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे, छपाईला पाठवायच्या बेतात असलेले काम होते. ताईच्या घरची सगळी छायाचित्रे होती. आणि आमच्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्याही तिथेच होत्या. कॅसेटवरून त्या मीच उतरवून ठेवल्या होत्या. कॅसेटला पुढे बुरशी लागली.

आता प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी पडलेली होती. तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, सोडवायच्या असतील तर ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत संपर्क साधलात तर निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरमध्ये काम होईल, असा त्यातला मजकूर. त्या वेळच्या भावाने सवलतीची रक्कमसुद्धा छत्तीस हजार रुपयांच्या घरात जात होती. खंडणी मागणाराही दिवाळी सेलची भाषा बोलू लागला होता!

"रात्री काय केलं होतंस?" मी विचारले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काही नाही मामा. ऑफिस अ‍ॅक्टिव्हेट केलं फक्त."

हे आज सविस्तर सांगायचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली खरी, पण पुढची विंडोज-११ जुन्या अनेक यंत्रांवर रीतसर चढतच नाही. दहावी-बारावीच्या मुलांचे, किराणा दुकानांचे, छोट्या दवाखान्यांचे चांगले चालणारे संगणक अचानक 'जुने' ठरले. अशा वेळी गल्लीतला जाणकार पुढे होतो आणि म्हणतो, "काळजी करू नका, मी सगळं टाकून देतो." या 'सगळं टाकून देतो'मध्ये काय काय येते, हे घरातल्या कर्त्या माणसांनी एकदा नीट समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

कुलूप आले कोठून?

सॉफ्टवेअर ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. खुर्ची चोरली तर मालकाकडची खुर्ची जाते. सॉफ्टवेअरची नक्कल केली तर मालकाकडचे काहीच जात नाही, फक्त येणारे पैसे येत नाहीत. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला आपण चोरी केली असे वाटतच नाही. ही तक्रार संगणकयुगाइतकीच जुनी आहे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना एक अनावृत पत्र लिहिले. अल्टेअर नावाच्या यंत्रासाठी आम्ही तयार केलेली बेसिक ही भाषा सगळे वापरतात, पण विकत घेणारे दहा टक्केसुद्धा नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्या पत्राने तो बराच अप्रिय झाला. पण लिहिणाऱ्याला मोबदला कसा मिळणार, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

दुसरी घटना आपल्या शेजारची. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून आज तो ओळखला जातो. त्यात त्यांनी आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला कोठे जातात ते कळावे म्हणून हा उद्योग केला, असे त्यांचे सांगणे. चोरटी नक्कल आणि व्हायरस यांची सोयरीक इतकी जुनी आहे.

कंपन्यांनी मग कुलपे शोधली. कोणी मूळ फ्लॉपी घातल्याशिवाय प्रोग्रॅम चालू देईना, कोणी संगणकाच्या पाठीमागे लावायचे छोटेसे खोके देऊ लागले. डीटीपी करणाऱ्या मराठी माणसाला हे 'लॉक' चांगले ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर घेतले की हे लॉक मिळायचे. ते प्रिंटरच्या जागी खोचल्याशिवाय पडद्यावर मराठी अक्षर उमटत नसे. भावोजींनी असे एक लॉक रीतसर पैसे मोजून घेतले होते. दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना ते त्या लॉकलाही हळदकुंकू लावत.

२००१ साली विंडोज-एक्सपी आली आणि कुलपाची तऱ्हा बदलली. पूर्वी पंचवीस अक्षरांची किल्ली टाकली की काम भागत असे. एकच किल्ली अख्ख्या कॉलनीत चालायची. आता ती किल्ली आणि तुमच्या यंत्राच्या सुट्या भागांवरून काढलेला एक आकडा अशी जोडी कंपनीकडे जाऊ लागली. जोडी नोंदली गेली की यंत्र 'सक्रिय' झाले. तीस दिवसांत हे केले नाही तर काम बंद. तीच किल्ली दुसऱ्या यंत्रावरून आली की कंपनीला शंका येणार. यालाच अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. इंटरनेट नसेल तर फोनवर लांबलचक आकडा वाचून दाखवायचा आणि पलीकडून दुसरा तितकाच लांब आकडा लिहून घ्यायचा, हा सोहळा पुष्कळांनी केला असेल.

पण मोठ्या कंपन्यांना हजारो यंत्रांसाठी हा सोहळा परवडणारा नव्हता. त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हेशन न मागणारी आवृत्ती होती. तिची किल्ली एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली आणि जगभर झाली. सप्टेंबर २००२ मध्ये आलेल्या पहिल्या सर्व्हिस पॅकने फुटलेल्या किल्ल्या नाकारायला सुरुवात केली. तेव्हा आपल्याकडच्या जाणकारांनी एक साधा तोडगा काढला: अपडेट बंद ठेवा!

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. मी त्या काळी बँकेच्या संगणक विभागात होतो. २००३ साली विट्याला जाताना मीच बॅगेतून एक सीडी नेली होती. चंदेरी सीडी, तिच्यावर मार्कर पेनने लिहिलेले नाव. भावोजींनी विचारले होते, "चालेल ना हे?" मी म्हणालो होतो, "सगळेच वापरतात. फक्त अपडेट लावू नका." ताईने त्या दिवशी पुरणपोळी केली होती. मी काही गैर केले असे कोणालाच वाटले नाही, मलाही नाही.

मस्टरवरचा खोटा साहेब

सीडीचे दिवस गेले आणि 'अ‍ॅक्टिव्हेटर' आले. ते काय करतात, ते बँकेच्या भाषेत सांगतो.

२००७ च्या विंडोज व्हिस्टापासून मोठ्या कार्यालयांसाठी नवी पद्धत आली. प्रत्येक यंत्राने कंपनीकडे जाण्याऐवजी कार्यालयातच एक मुख्य संगणक नेमायचा. बाकीच्या यंत्रांनी त्याच्याकडे हजेरी लावायची. निदान पंचवीस यंत्रे हजर झाली तरच मुख्य संगणक शिक्के मारतो, आणि तो शिक्का १८० दिवस चालतो. मुदत संपायच्या आत यंत्राने पुन्हा हजेरी लावून तो नवा करून घ्यायचा. पद्धत चांगली आणि सोयीची आहे.

चोरट्या अ‍ॅक्टिव्हेटरची एक मोठी जात या पद्धतीचेच सोंग घेते. तुमच्याच घरातल्या यंत्रात तो एक खोटा मुख्य संगणक बसवतो. तुमची विंडोज भाबडेपणाने त्याच्यापुढे हजेरी लावते, तो शिक्का मारतो. मस्टर खरे, हजेरी खरी, साहेब तेवढा खोटा! आणि मुदत संपत आली की पुन्हा शिक्का मारायला हवा, म्हणून हा खोटा साहेब एकदाच येऊन जात नाही. तो पार्श्वभूमीवर कायमचा मुक्काम ठोकतो.

आता विचार करा. असे घर करून राहायचे तर त्याला यंत्रावर सर्वाधिकार हवेत. 'या प्रोग्रॅमला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?' असा प्रश्न पडद्यावर येतो, त्याला आपण 'हो' म्हणतो. तो 'हो' म्हणजे साधी परवानगी नव्हे. तिजोरीची, देवघराची आणि मागच्या दाराची किल्ली आपण एकदम देऊन टाकतो. आणि देतो कोणाला? ज्याचे नाव, गाव, पत्ता काही ठाऊक नाही आणि ज्याच्याविषयी एकच गोष्ट नक्की माहीत आहे, की तो कुलूप तोडण्यात पटाईत आहे.

पहारेकऱ्याला सुट्टी

भाच्याने नेमके काय केले ते नंतर त्याने मला यंत्रासमोर बसून दाखवले. टाळेबंदीत कॉलेज ऑनलाइन झाले, प्रोजेक्ट टाइप करायचा होता, ऑफिस परवाना मागत होते. त्याने इंटरनेटवर शोधले. एक फाईल मिळाली. ती उघडायला पासवर्ड होता आणि तो शेजारीच लिहिलेला होता. हा पासवर्ड गोपनीयतेसाठी नसतो. बंद पाकिटात काय आहे ते अँटिव्हायरसला वाटेत पाहता येऊ नये, यासाठी असतो. सोबत सूचनांचा कागद होता. त्यातली पहिलीच सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा.

घरात चोर शिरतो तेव्हा तो पहारेकऱ्याला गुंगीचे औषध देतो, असे आपण ऐकतो. इथे घरमालकच पहारेकऱ्याला सांगतो, "बाबा रे, आज तू सुट्टी घे."

यातली खरी मेख पुढेच आहे. ज्या अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये दुसरे काही विष नसते, त्यालाही अँटिव्हायरस धोकादायक म्हणूनच ओरडतो, कारण तो परवाना फोडण्याचे हत्यार असतो. लोक एकमेकांना सांगतात, "ते ओरडतंच, लक्ष देऊ नका." लांडगा आला रे आला, या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखी आपली गत होते. ओरडण्याची सवय झाली की ज्या दिवशी खरा लांडगा येतो, त्या दिवशीही आपण पहारेकऱ्यालाच गप्प बसवतो. विषारी आणि बिनविषारी अ‍ॅक्टिव्हेटर यांच्यातला फरक ओळखायचे एकमेव साधन आपण आपल्या हाताने बंद केलेले असते.

भाच्याच्या यंत्रात शिरलेल्या खंडणीखोर जातीला जाणकार 'स्टॉप' किंवा 'डेजाव्हू' म्हणतात. सामान्य घरगुती वापरकर्ते हेच तिचे भक्ष्य, आणि क्रॅक, चोरट्या किल्ल्या, अ‍ॅक्टिव्हेटर हेच तिचे मुख्य वाहन. फायली कुलूपबंद होत असताना पडद्यावर ती विंडोज अपडेट चालू असल्याचा देखावा उभा करते. भाच्याने तो पाहिला होता. 'अपडेट चाललंय, होऊ दे,' म्हणून तो झोपायला गेला. ज्या घरात वर्षानुवर्षे खरे अपडेट कोणी होऊ दिले नाही, तिथे खोटे मात्र बिनबोभाट पार पडले.

सगळेच चोर असा गाजावाजा करत नाहीत. 'क्रिप्टबॉट' नावाचा दुसरा एक प्रकार फायलींना हातही लावत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील उचलतो आणि निघून जातो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरक्षा-अभ्यासकांना तो एका प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या बनावट प्रतींमधून पसरताना सापडला. गुगलने २०२३ साली त्याच्या वितरकांविरुद्ध अमेरिकेत खटला भरला, तेव्हा वर्षभरात सुमारे ६ लाख ७० हजार संगणकांना त्याची लागण झाल्याचे सांगितले होते. अशा चोरीत काही तुटत नाही, फुटत नाही. सहा महिन्यांनी बँकेच्या खात्यात काही तरी घडते, आणि त्याचा त्या रात्रीच्या फुकट सॉफ्टवेअरशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आणि अपडेट बंद ठेवण्याचे काय होते? 'वॉनाक्राय'चा जगभरचा हल्ला १२ मे २०१७ रोजी झाला. दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक त्यात सापडले, ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे काम कोलमडले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिले होते. ज्यांनी ते लावले होते त्यांना झळ लागली नाही. न लावणाऱ्यांची कारणे निरनिराळी होती. पण 'परवाना पकडला जाईल' या भीतीने अपडेट बंद ठेवणारा माणूस असा हल्ला आपण होऊन ओढवून घेतो.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत काय?

नाहीत. एकाच बाजूला झोडपून उपयोग नाही.

भावोजींचे ते हळदकुंकू लावलेले लॉक ऐन लग्नसराईत बिघडले. बदली मिळेपर्यंत आठवडा गेला. पैसे मोजलेल्या माणसाचे काम बंद आणि शेजारी क्रॅक वापरणाऱ्याच्या पत्रिका झोकात छापून होत होत्या. "प्रामाणिकपणाचं बक्षीस!" असे ते तेव्हा म्हणाले होते. दोन-तीन वर्षांनी त्यांनी माझी सीडी का घेतली असेल, याचे उत्तर त्या आठवड्यात आहे.

मोठ्यांचीही उदाहरणे आहेत. २००५ साली सोनी-बीएमजी या संगीत कंपनीने नक्कल रोखण्यासाठी गाण्यांच्या सीडींमधून ग्राहकांच्या संगणकात एक छुपा प्रोग्रॅम घातला. तो स्वतःला असा दडवत असे की त्याच्या आडोशाने व्हायरसही लपू लागले. बोभाटा झाल्यावर सीडी परत घ्याव्या लागल्या. २०१३ च्या सुरुवातीला अडोबीने आपल्या जुन्या सीएस-२ या संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन करणारे सर्व्हर बंद केल्याचे जाहीर झाले; ज्यांनी रोख पैसे देऊन तो घेतला होता त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत द्यावी लागली. विकत घेतलेली वस्तू चालू राहणे दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून असेल, तर ती विकत घेतली असे तरी कसे म्हणायचे? त्याच वर्षी या कंपनीने आपल्या पुढच्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायचे ठरवले. तालुक्याच्या गावातल्या छापखान्याला दरमहाचे हे भाडे जड जाते, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

कंपन्यांच्याच संघटनेच्या अंदाजानुसार २०१७ साली भारतातल्या संगणकांवरचे ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. अंदाज कंपन्यांचा आहे, हे ध्यानात ठेवूनही निम्मे लोक चोर आहेत असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. किंमत, उत्पन्न आणि गरज यांचा मेळ बसत नाही, हे त्याचे खरे कारण.

पण मेळ बसत नाही म्हणून अ‍ॅक्टिव्हेटर आपला मित्र होत नाही. इथेच आपली गफलत होते. मोठ्या कंपनीला लुटून गरिबाला देणारा कोणी दिलदार दरोडेखोर आपल्या मदतीला आला आहे, असे आपण समजतो. फुकटात इतकी मेहनत तो का करतो, हे विचारत नाही. काही जण केवळ हौसेने करत असतीलही. पण त्यांच्या नावाने बाजारात फिरणाऱ्या प्रती कोणी बनवल्या, हे तुम्हाला किंवा मला तपासता येत नाही. कंपनीवरच्या रागाचे बिल कंपनीला जात नाही. ते घरातल्या फोटोंना आणि बँकेच्या खात्याला येते.

पोलिसांत जायचे कसे?

त्या सकाळी मी भावोजींना म्हणालो, "तक्रार देऊ या." ते म्हणाले, "आणि काय सांगू? चोरीचं सॉफ्टवेअर घालताना चोर शिरला म्हणून?"

त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम आले. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. २०१२ साली आलेल्या ६५-अ कलमाने, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे हाही वेगळा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरोघरी पोलीस येतील असे नव्हे. पण खंडणीखोराला हे पक्के ठाऊक असते, की त्याचा बळी बोंब मारायला कचरणार. चोरीच्या वाटेवर लुटला गेलेला माणूस गुपचूप पैसे देतो किंवा गुपचूप रडतो. तरीही माझे मत असे, की तक्रार करावीच; आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच. गप्प बसण्याने फक्त चोराचा फायदा होतो.

आम्ही पैसे दिले नाहीत. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ साली 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू झाला. तिथे अनेक जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात. 'स्टॉप'च्या जुन्या प्रकारांसाठी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एक सोडवणूक आलीही होती. पण आमच्या वाट्याला आलेला प्रकार नंतरचा होता, आणि त्या रात्री इंटरनेट चालू असल्यामुळे त्याने आपल्या मालकाकडून खास आमच्यासाठी वेगळी किल्ली मागवून घेतली होती. ती फक्त त्याच्याकडेच.

मग करायचे काय?

उपाय साधे आहेत, आणि तेच पुष्कळांना माहीत नसतात.

पहिली गोष्ट, पत्र, हिशेब, शाळेचा प्रोजेक्ट यांसाठी लिबरऑफिस हे संपूर्ण मोफत आणि रीतसर सॉफ्टवेअर आहे. त्यात मराठी उत्तम चालते. मराठीसाठी वेगळे महागडे लॉक घ्यायचे दिवस तर युनिकोड आल्यापासून घरगुती वापरापुरते सरलेच आहेत. जुने यंत्र विंडोज-११ ला चालत नसेल तर लिनक्स घालता येते. केरळच्या सरकारी शाळांनी वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर मुले शिकवली, आणि आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्स-प्रणाली काढली. विनामूल्य म्हणजे चोरीचे, ही समजूत आधी काढून टाकली पाहिजे.

दुसरी गोष्ट, नवे यंत्र घेताना परवाना किमतीतच मागावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. 'सगळं टाकून देतो' म्हणणाऱ्याला 'काय काय टाकणार आणि कोठून आणणार?' असे विचारावे. पाव किमतीत किल्ल्या विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. तशी किल्ली उद्या बाद झाली तर दाद मागायला कोणी नसते.

तिसरी गोष्ट थोडी विचित्र वाटेल. विंडोज-१० आणि ११ सक्रिय केली नाही, तरी ती बंद पडत नाही. कोपऱ्यात आठवणीचे पुसट वाक्य राहते, रंगसंगती वगैरे बदलता येत नाही; पण सुरक्षेची अपडेट मिळत राहतात. परवान्याशिवाय वापरणे योग्य, असे मी म्हणत नाही. पैसे जमवून तो घ्यावाच. पण कोपऱ्यातले ते वाक्य घालवण्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटर लावणारा माणूस त्यापेक्षा कितीतरी असुरक्षित यंत्र घरात ठेवतो, एवढे नक्की.

चौथी, ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर ती डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवावी. यंत्राला जोडलेली प्रत कुलूपबंद व्हायला वेळ लागत नाही.

आणि ज्या यंत्रावर असा अ‍ॅक्टिव्हेटर एकदा चालला आहे, त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. यंत्र पुसून नव्याने प्रणाली घालावी आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. 'स्टॉप'बरोबर पासवर्ड चोरणारे सोबतीही येतात, म्हणून आम्ही त्याच दिवशी ते केले.

स्मरणिकेचे काम भावोजींनी छापील प्रुफांवरून पुन्हा टाइप केले. त्यात दीड महिना गेला. ताईकडची बहुतेक छायाचित्रे गेली ती गेलीच. मी विट्याला गेलो तेव्हा भाचा समोर यायला तयार नव्हता. भावोजी त्याला काही बोलले नाहीत. मला मात्र हसत म्हणाले, "पाव्हणं, पोराला काय बोलायचं? पहिली सीडी तुम्हीच आणलेली की." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सतरा वर्षांपूर्वी 'सगळेच वापरतात' आणि 'अपडेट लावू नका' हे दोन धडे मीच त्या घरात देऊन आलो होतो. पोराने तेच गिरवले.

एक गोष्ट तेवढी हाती लागली. हा खंडणीखोर घाईत असतो. प्रत्येक फाईलचे सुरुवातीचे दीडशे केबीच तो कुलूपबंद करतो. छायाचित्राचे तेवढ्यात वाटोळे होते. पण गाण्याच्या लांब फाईलचा पुढचा भाग शाबूत राहतो. नावापुढची ती चार अक्षरे काढून टाकून मी आईच्या ओव्या लावल्या आणि त्या वाजल्या.

प्रत्येक फाईलची पहिली नऊ-दहा सेकंदे तेवढी गेली आहेत. त्या सेकंदांत आई जात्याचा खुंटा धरून मला विचारायची, "झालं का रे तुझं सुरू?" आता एकदम ओवीच सुरू होते. ताई आणि मी दोघेही त्या जागी थांबतो, आणि आई काय म्हणाली असेल ते मनात म्हणून घेतो. भाच्याने त्या फायलींच्या तीन प्रती केल्या आहेत. एक ताईच्या कपाटात आहे.